काजूचं बिल घेतलंत का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने एप्रिलमध्ये चार पोती काजू बी विकली. तीनशेवीस किलो. व्यापाऱ्याने जुन्या कॅलेंडरच्या कागदावर आकडेमोड केली, किलोला १०५ रुपयांप्रमाणे रोख पैसे हातावर ठेवले आणि तो कागद हिशेबासाठी तिलाच देऊन टाकला. मावशी खूश. त्या वर्षी सरकारची आधारभूत किंमत १२५ रुपये होती, हे तिच्या कानावर आलं ते पावसात, शेजारणीच्या खात्यात फरकाचे पैसे जमा झाल्यावर. मग पासबुक घेऊन ती धावत कृषी कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "बिल?" मावशीने कॅलेंडरचा कागद पुढे केला. त्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख, ना तिचं नाव. मागच्या बाजूला मात्र गणपतीचं चित्र छान होतं.

किलोमागे २० रुपयांच्या हिशेबाने ६,४०० रुपये गेले. कोणी फसवलं नाही, कोणी नाकारलं नाही. कागदाविना गेले.

पेडणे आणि डिचोलीतल्या शेतकऱ्यांशी बोलताना हे पुन्हा पुन्हा ऐकू येतं. योजना नाहीत असं कोणी म्हणत नाही, योजना बऱ्याच आहेत. पण सरकारची मदत कष्टांच्या मागून येत नाही, ती कागदाच्या मागून येते. आपल्याकडे तर नांगर एकाच्या हातात आणि कागद दुसऱ्याच्या पेटीत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. म्हणून योजनांची यादी देण्यापेक्षा पैसा नेमका कुठे अडतो आणि तो मोकळा करायला कधी काय करायचं, तेवढंच इथे सांगतो.

आधी आधारभूत किमतीचा प्रकार समजून घेऊ. पुष्कळांचा समज असा की सरकार काजू विकत घेतं. तसं नाही. तुम्ही माल सहकारी संस्थेला किंवा मान्यताप्राप्त खरेदीदाराला बाजारभावाने विकता. तो भाव सरकारने ठरवलेल्या किमतीपेक्षा कमी असेल, तर मधला फरक कृषी संचालनालय तुमच्या बँक खात्यात जमा करतं. गोव्याच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ही किंमत काजूसाठी १२५ वरून १५० रुपये किलो झाली, नारळासाठी १२ वरून १५ रुपये नग आणि भातासाठी २० वरून २२ रुपये किलो. हे दर कायमचे नसतात. तेव्हा विक्रीला निघण्याआधी चालू हंगामाचा दर कार्यालयात फोन करून विचारून घ्या.

समजा, दर १५० चा आहे आणि बाजारात तुम्हाला १२० मिळाले. मग किलोमागे ३० रुपये तुमचे. तीनशे किलो काजू विकणाऱ्या घरासाठी ते ९,००० रुपये होतात, म्हणजे बेणणीच्या मजुरीचा बराचसा भार उतरतो. आफ्रिकेतून स्वस्त बी येऊ लागली की आपला भाव खाली घसरतो आणि त्यावर तुमचा-माझा काही इलाज चालत नाही. या फरकाच्या रकमेचा उपयोग अशाच वर्षी होतो. मला ही योजना इतर बऱ्याच योजनांपेक्षा बरी वाटते. औजारांच्या अनुदानात आधी खिशातून मोठी रक्कम घालावी लागते, त्यामुळे ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच ते परवडतं. इथे ज्याने पिकवलं आणि विकलं त्याला मिळतं. पहिली अट, विकल्याचा पुरावा हवा.

म्हणून बिल. त्यावर तुमचं नाव कृषी कार्डावर (त्याविषयी पुढे येईलच) आहे तसंच असावं. 'बाबू' नको, 'बाबूराव' नको, कार्डावर जे आहे तेच. तारीख हवी, वजन हवं, दर हवा, संस्थेचा किंवा दुकानाचा शिक्का हवा. काजू भाच्याने टेम्पोतून नेला म्हणून बिल भाच्याच्या नावावर फाडलं, तर फरक भाच्याला नाही आणि तुम्हालाही नाही. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बिलावरची शाई एका पावसाळ्यात उडते. आणि विक्री हंगामात चार वेळा झाली तर चारही बिलं हवीत. शेवटचं मोठं बिल नेऊन बाकीची 'तशीच' सांगितली तर कोण ऐकणार?

आणखी एक गोष्ट, जी कोणी उघडपणे बोलत नाही. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर घालू नका. बिलावरचं वजन तुमच्या नावावरच्या क्षेत्राशी जुळवून पाहिलं जाऊ शकतं. दोन हजार चौरस मीटरच्या जमिनीत दोन टन काजू कसा पिकला, असा प्रश्न उद्या आला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

हे झालं बाजारातलं. खरी गाठ मात्र घरात, ट्रंकेत आहे.

शेतकऱ्यासाठीच्या बहुतेक राज्य योजनांची किल्ली म्हणजे कृषी कार्ड. ते तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातून मिळतं. त्याला आधार, बँकेचं पासबुक, फोटो लागतात, आणि लागतो फॉर्म एक आणि चौदा. महाराष्ट्रात सात-बारा तसा आपल्याकडे एक-चौदाचा उतारा. हा उतारा बहुतेकांनी पाहिलेला असतो, वाचलेला नसतो. एकदा चष्मा लावून वाचा. वर सर्व्हे नंबर आणि उपविभाग. मग क्षेत्र कसलं आहे ते वेगवेगळ्या रकान्यांत: जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड. त्यापुढे कब्जेदाराचं नाव, कुळाचं नाव, इतर हक्क. खालच्या भागात कोणतं पीक कोण घेतं याची नोंद. हे सगळे रकाने तुमच्या आजच्या शेतीशी जुळतात का, ते तपासा. जुळणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

कारण आपले बहुतेक उतारे १९७० च्या दशकातल्या सर्व्हेवर उभे आहेत. त्या वेळी जो कर्ता होता त्याचं नाव लागलं. तो आता नाही, त्याची चार मुलं आहेत, त्यातला एक मुंबईला, एक बोटीवर, बहीण सासरी. शेत करतो चौथा. उताऱ्यावर अजून आजोबा. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि वारसांचा हिस्साही कायद्याने बांधलेला असतो. म्हणजे मोठ्या कुटुंबात एका लहान कुणग्याला पंधरा-वीस मालक निघू शकतात.

वाटणीचं प्रकरण लगेच मिटेल असं मी म्हणत नाही. पण दोन कामं वाटणीशिवायही होतात. पहिलं, वारसांच्या नावांची नोंद. त्यासाठी उपनिबंधकाकडे सक्सेशन डीड करायचं आणि ते घेऊन मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा अर्ज द्यायचा. सगळ्यांची नावं लागली म्हणजे भांडण वाढतं असं समजणारे आहेत. मला उलटं दिसलंय, मेलेल्या माणसाच्या नावावर जमीन राहिली तर भांडण नातवंडांपर्यंत पोचतं. दुसरं काम सोपं. जे भाऊ-बहीण शेती करत नाहीत त्यांच्याकडून ना हरकत पत्र घेऊन ठेवा. हे पत्र चवथीला घ्या. गणपतीला सगळे घरी येतात, मोदकाचं ताट समोर असतं आणि कोणी 'नाही' म्हणत नाही. मे महिन्यात फोनवर मागाल तर आठ दिवस विचार करतील.

बायकांसाठी एक वेगळं सांगणं. शेतात राबणारी ती, कार्ड नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा जहाजावर किंवा कारखान्यात. गोव्यात लग्नानंतरच्या सामाईक मालमत्तेत पत्नीचा अर्धा वाटा असतो. मग कार्ड तिच्या नावावर का नसावं? घरात बसून एकदा हे ठरवा. ज्याच्या हाती काजूची टोपली, त्याच्या नावावर कार्ड आणि खातं.

आता कुळांविषयी. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादीतल्या मुलखात मोठे जमीनदार होते आणि कुळंही तितकीच. गोव्याचा कूळ कायदा १९६४ चा. पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस कूळदिन ठरला आणि कसणारं कूळ त्या दिवसापासून मालक मानलं गेलं. कायद्यात मालक, पण कागदावर? पुष्कळ घरांनी खरेदीची किंमत भरून सनद घेण्याची शेवटची पायरी चढलीच नाही. उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात आजही नाव असतं, तेवढंच. ते नाव हाही मोठा पुरावा आहे, कार्ड करताना तोच पुढे ठेवा. मात्र तिथे थांबू नका. सनदेचं प्रकरण मामलेदाराकडे कुठवर आलंय, याची चौकशी करा. तुमचं नाव कुळाच्या रकान्यातही नाही आणि फक्त भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, तोंडी शब्दावर शेत करता, तर वर्षातून एकदा तरी त्याच्याकडून लेखी घ्या. नाहीतर पीक तुमचं, नुकसान तुमचं आणि भरपाई मात्र कोणाचीच नाही.

डिचोलीतल्या मये गावच्या लोकांची, मयेकरांची, गोष्ट आणखी वेगळी. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालला गेलेल्या मालमत्तेत पिढ्या गेल्या, घरं बांधली, कुळागरं उभी केली, पण कागद अशा मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी कस्टोडियनच्या कपाटात. २०१४ मध्ये विधानसभेने मयेच्या जमिनींवरचे जुने मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला, त्यानंतर सनदा द्यायला सुरुवात झाली. ज्या मयेकराच्या हाती सनद पडली आहे त्याने ती फ्रेम करून भिंतीवर लावण्याआधी कृषी कार्यालयात न्यावी आणि कार्डावर क्षेत्र चढवून घ्यावं. सनद मिळाली म्हणजे कार्डाची दुरुस्ती आपोआप होत नाही. डिचोली-सत्तरीच्या डोंगरपट्ट्यात अल्वारा जमिनीत, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारने दिलेल्या जमिनीत, काजू लावलेल्यांनीही आपली कागदपत्रं घेऊन थेट कार्यालयात बसावं, फोनवर हा विषय सुटत नाही.

खाणींच्या पट्ट्यात, शिरगाव, मुळगाव, पिळगाव इथे उताऱ्यावर 'भात' असतं आणि शेतात खाणीचा लाल गाळ. अशा शेतात पीक नसताना पीक दाखवू नका, पण शेत पडीक का आहे याचे फोटो तारखेसह ठेवा.

नुकसानीचं प्रकरण आलं की घाई महत्त्वाची. आपल्याकडे सरदाच्या भाताला दोन भीती, एक पुराची आणि दुसरी परतीच्या पावसाची. २०१९ च्या ऑगस्टात तिळारीचं पाणी सुटलं तेव्हा साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेलच्या काठावरची शेतं पाण्याखाली गेली. २०२१ च्या जुलैत वाळवंटी आणि म्हादईच्या पुराने डिचोली-सत्तरी धुऊन निघाली. अशा वेळी राज्याची शेतकरी आधार निधी योजना उपयोगी पडते. भाताला हेक्टरी ४०,००० रुपये, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. हा आकडा ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांत चमक येते, म्हणून हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तुमचा कुणगा १,२०० चौरस मीटरचा असेल, तर त्या दराने पूर्ण नुकसानीचे होतात ४,८०० रुपये. फार नाहीत. पण पुढच्या पेरणीचं बियाणं, नांगरणी आणि खत त्यात बसेल.

शेतात पाणी उभं असतानाच फोटो काढा. फोटोत काहीतरी ओळखीचं दिसू दे, बांधावरचा माड, मानस, देवळाचा कळस. मोबाइलमध्ये ठिकाण आणि तारीख नोंदवणारी सोय चालू ठेवा. मग कार्यालयात कळवून अर्ज द्या आणि पाहणीला अधिकारी येईपर्यंत शेत नांगरू नका. कापलेलं भात मळणीआधी भिजलं तरी आपण ते उचलून वाळवायला नेतो, ते साहजिकच आहे. पण त्याआधी पाच मिनिटं फोटोसाठी द्या. प्रधानमंत्री पीक विमा उतरवला असेल तर नियम आणखी कडक आहे. विम्यात बसणाऱ्या स्थानिक आपत्तीची आणि कापणीनंतरच्या नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. तीन दिवस म्हणजे किती थोडे, हे दिवाळीच्या आठवड्यात कळतं.

केंद्राची पीएम-किसान बहुतेकांना ठाऊक आहे. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. इथे पैसे अडण्याची कारणं ठरलेली आहेत: ई-केवायसी झालेली नाही, आधार खात्याला जोडलेलं नाही, किंवा जमिनीची नोंद पोर्टलवर चढलेली नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने नावावर झालेल्या जमिनीला हा लाभ नाही, वारसाने आलेली असेल तर आहे. आयकर भरणाऱ्यांना आणि दहा हजार किंवा जास्त मासिक पेन्शन घेणाऱ्यांना नाही. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळे अर्ज केले असतील तर एक स्वतःहून मागे घ्या, उद्या वसुलीची नोटीस आली तर जीव खाली-वर होतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम-किसान' नावाची फाइल आली तर उघडू नका. सरकार हप्ता द्यायला फाइल पाठवत नाही. ती उघडून खातं रिकामं झालेली माणसं आहेत.

खात्याचं म्हणाल तर पासबुक जुनं आहे का, ते पाहा. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट कॅनरात गेली. कृषी कार्डावर अजून जुन्या बँकेचा कोड असेल तर सरकारने पाठवलेले पैसे परत जातात आणि तुम्ही 'मंजूर झालं म्हणतात, आलं नाही' म्हणत बसता. नवं पासबुक घेऊन कार्यालयात खातं बदलून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सीमेवरच्या लोकांसाठी दोन शब्द. तोरसे, मोपा, इब्रामपूर, लाटंबार्से या बाजूच्या कितीतरी घरांची बागायत पलीकडे दोडामार्ग किंवा सावंतवाडी तालुक्यात आहे. एक-चौदावरच्या काजूला गोव्याची आधारभूत किंमत, सात-बारावरच्या काजूला नाही. तो माल गोव्यातल्या बिलात मिसळू नका. त्यासाठी महाराष्ट्राच्या योजना पाहा. तिथे २०२४ च्या हंगामासाठी काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर झालं होतं, त्यालाही विक्रीचं बिलच लागत होतं. सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, बिलातून सुटका नाही.

कुंपण, पंप, पॉवर टिलर यांच्या अनुदानाविषयी मी एवढंच सांगेन. मंजुरी हातात येण्याआधी काम सुरू करू नका आणि जीएसटीचं बिल नसलेल्या दुकानातून काही घेऊ नका. गव्यांनी आणि रानडुकरांनी घाईला आणलं म्हणून आधी कुंपण घातलं आणि मग अर्ज केला, अशी उदाहरणं गावोगावी आहेत. पिकाची काळजी आधी, सहीची नंतर, हे माणसाला पटतं, फाइलीला पटत नाही.

अर्ज दिला की आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक. तो मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. फरकाचे पैसे उशिरा येतात ही तक्रार जुनी आहे आणि ती खरीही आहे. दोन-तीन महिने झाले तर तो क्रमांक घेऊन विचारा. तरी उत्तर नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. आवाज चढवण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो, असा माझा अनुभव.

हे सगळं कधी करायचं? काजूच्या दिवसांत नाही. तेव्हा पहाटे टोपली घेऊन डोंगरावर जायचं असतं आणि दुपारी बोंडू मळायचे असतात. भाताची कापणी आटोपली की नोव्हेंबर-डिसेंबरात दोन सकाळी मोकळ्या काढा. एक कृषी कार्यालयासाठी, एक मामलेदारासाठी. काजूला मोहोर येईल तेव्हा कार्ड, खातं, ना हरकत पत्र सगळं एका पिशवीत असू द्या.

मावशी आता काजू घेऊन जाते तेव्हा पोतं तराजूवर ठेवण्याआधी विचारते, "बिल करणार ना?" नाही म्हटलं तर पोतं परत टेम्पोत टाकते आणि पुढच्या दुकानात जाते. तुम्हीही तेच करा.